हातचा एक

पट चाळीस, हजर अडतीस.
फळ्याच्या कोपऱ्यात रोज आधी हे लिहायचं,
मग वार, तारीख, मग हवामान.
हवामानाचं काम यंदा अल्फियाकडे आहे.
ती खिडकीपाशी जाते, कमरेवर हात ठेवून बाहेर बघते
आणि सांगते, "बाई, धूळ."
तक्त्यात धूळ नाही. ऊन आहे, ढग आहेत, पाऊस आहे.
धुळीचं चित्र कसं काढायचं यावर आम्ही थोडं भांडतो
आणि शेवटी नुसते ठिपके देतो.

कॉटन ग्रीनच्या या शाळेत दुसरीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर.
समोर गोदाम पाडून टॉवर चाललाय.
गणिताचं पुस्तक उघडण्याआधी आम्ही त्याचे मजले मोजतो.
अठ्ठावीसपर्यंत सगळे एका सुरात,
मग गलका : "वीस-नऊ!" "नऊवीस!"
"एकोणतीस," मी म्हणते, "तिसाला एक कमी.
जो अजून आला नाही, त्याच्यावरून नाव."
"येईल ना बाई," रेवण म्हणतो. "पप्पा क्रेनवर हायत."

रेवणसिद्ध, अक्कलकोटकडचा.
बृजभानला ळ येत नव्हता, माझे दोन आठवडे गेले,
यानं डबा खाता खाता शिकवला :
"जीभ उलटी टाक. पडली तर पडू दे."
आता बृजभान केळं म्हणतो, बाळ म्हणतो,
आणि गरज नसताना काळा काळा काळा.

आज वीत शिकलो.
माझं टेबल तन्मेशच्या हातानं नऊ वीत,
दुर्वाच्या हातानं अकरा, माझ्या हातानं सात.
"मग खरं कुणाचं?"
याचं उत्तर पट्टीकडे आहे, पण पट्टीचा धडा पुढच्या आठवड्यात,
म्हणून आज टेबल ज्याच्या त्याच्या हाताएवढं.

मग बेरीज. सत्तावीस अधिक पंधरा.
सात आणि पाच बारा. बाराचे दोन खाली,
"आणि एक?"
"हातचाऽऽ!"
मी हवेतून काहीतरी उचलल्यासारखं करते, मूठ मिटते.
अडतीस मुठी मिटतात.
तेवढ्यात शिपाईमामा जंताच्या गोळ्यांची यादी मागायला येतात,
यादी सापडत नाही, सापडते, खिचडीची घंटा होते.

खिचडी रेवण डाव्या हातानं खातो.
अर्धी शितं गुडघ्यावर.
नळावर एकच हात धुतो.
कवितेच्या तासाला सगळे टाळ्या वाजवतात,
हा मांडीवर थाप मारतो.
चित्रात त्यानं डाव्या हातानं मासा काढलाय,
माशाला पोट आहे, शेपूट कागदाबाहेर राहिली आहे.
मी विचारते, लागलंय का? तो मान हलवतो.
मला वहीच्या गठ्ठ्याला दोरी बांधायची असते,
मी पुन्हा विचारत नाही.

सुटायला पाच मिनिटं.
तो टेबलापाशी येऊन हळूच म्हणतो,
"बाई, ह्यो कुठं ठिवू?"

घामेजलेली मूठ. पांढरी पडलेली बोटं.

मी वळून बघते : फळ्यावर सत्तावीस, खाली पंधरा,
रेघेखाली दोन, आणि दोनाच्या शेजारी काही नाही.
चार तास ती बेरीज तशीच उभी होती
आणि वर्गात एकट्यालाच ते माहीत होतं.

खुर्चीवर उभं करते त्याला.
तो दोनाच्या डोक्यावर मूठ नेतो, उघडतो,
तळवा फळ्यावर दाबून धरतो जरा वेळ.
ओला ठसा उमटतो.
दोन, एक, आणि हा एक.
मी चार लिहीपर्यंत ठसा वाळून गेलेला.

मार्चात क्रेन उतरली. टॉवर त्रेचाळीसवर थांबला.
दाखला न्यायला त्याची आई आली, पनवेलकडे काम लागलं म्हणाली,
अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश,
शेवटच्या अक्षराला वेलांटी आधी देऊन.

पट एकोणचाळीस.
ही बेरीज सोपी, हिला कुणी गलका करत नाही.
आज मी खडू डाव्या हातात धरलाय.
"बाई," अल्फिया म्हणते, "वार वाकडा आलाय."